लिंबाच्या आळ्यात

विनीतानं दोन्ही बादल्या जिन्याच्या खालच्या पायरीवर टेकवल्या आणि ओढणी कमरेला खोचली. तेवढ्यात मार्तंडराव हसत हसत आडवे आले. घरमालक सकाळी सकाळी गोड हसला की भाडेकरूनं सावध व्हावं. तीही झाली.

"मॅडम, कुठं न्यायलाव एवढं पाणी?"

"गटारीत. माशांच्या टाकीतलं आहे, जुनं झालंय."

लातुरात भरली बादली गटारीकडे नेणारं माणूस एकतर वेडं, नाहीतर माजलेलं. विनीता कॉलेजात शिकवायची, म्हणजे वेडी नव्हती. मग गल्लीनं दुसरं ठरवून टाकलं. या गल्लीत तांदूळ धुतलेलं, फिल्टरमधून वाया जाणारं, घागरीच्या तळाशी राहिलेलं शिळं, सगळं पाणी कोपऱ्यावरच्या कडुलिंबाच्या आळ्यात जायचं. टँकरमागं धावलेल्या माणसांना ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं. एकटी विनीता गटारीकडे वळायची. तिच्या टाकीतले मासे समुद्रातले, त्यांचं पाणी मीठ कालवून केलेलं. हे ती प्रत्येकाला सांगायची. लोक मान डोलवायचे आणि तिची पाठ वळली की नाक मुरडायचे.

"आज गटारीत नका टाकू," मार्तंडराव म्हणाले. "लिंबाला घाला."

"अहो, खारं आहे ते. एखाद्या वेळी नाही कळायचं, पण घालत राहिलं तर मुळं जळतील. झाड जाईल."

"हाव की." मार्तंडरावांनी आवाज खाली आणला. "म्हणून तर म्हणायलो."

विनीताला उमजायला थोडा वेळ लागला. मग तिनं मान वर केली. खालच्या गाळ्यावर कालच नवा बोर्ड चढला होता. मार्तंडरावांचा मुलगा, अंबरीश, दसऱ्याला चष्म्याचं दुकान उघडणार होता, आणि रस्त्यावरून बघितलं की बोर्डाच्या जागी नुसता लिंबाचा पाला दिसत होता.

"तोडायचं म्हणलं की परवानगीची भानगड. गल्ली बोंबलंल ती येगळीच. तुम्ही आपल्या दर बारीला दोन बादल्या ओतायच्या. सगळेच ओततेत, तुमच्याकडं कोण बघतंय? उलट म्हणतील, मॅडम सुधारल्या."

पलीकडे लिंबाखाली भामाबाई गाडीवर इस्त्री करत होती. कोळशाची इस्त्री, वर मराठवाड्याचं ऊन. ती सावली गेली तर तिचा धंदा तिथून उठलाच म्हणायचा.

"मला नाही जमणार," विनीता म्हणाली.

"आता बघा." मार्तंडरावांचं हसू तसंच होतं. "तुमची ती टाकी. केवढं वजन! उद्या स्लॅबला काय झालं तर? तरी मी कधी बोललो का? दुसरा मालक ठिवील का तुम्हाला त्या टाकीसगट?"

नसता ठेवला. टाकीचं नाव काढल्यावर किती दारं लागली होती, ते तिलाच माहीत. बाई एकटी राहणार म्हटल्यावर उरलेलीही लागली होती. हे घर गेलं तर मासे ठेवायचे कुठं? विनीता घाबरली, चांगलीच घाबरली. पण त्याहून जास्त तिला संताप आला. झाड मारायचं, तेही पाणी घालायचं सोंग करून, आणि तिच्या हातानं!

तिनं बादल्या उचलल्या आणि थेट लिंबाकडे निघाली. मार्तंडराव समाधानानं बाजूला झाले.

भामाबाईनं वर बघितलं. "अगं बया! आज आमच्या झाडाची आठवण आली म्हणायची, मॅडम."

विनीतानं बादल्या आळ्याच्या कडेला ठेवल्या. मग वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, "भामाबाई, हे खारं पाणी आहे. झाड मरावं म्हणून मालक मला हे इथं ओतायला सांगतायत. मी ओतणार नाही. पण उद्या दुसरं कुणीतरी ओतेल. मीठ काय, किराणा दुकानातही मिळतं."

दूधवाल्यानं गाडी बंद केली. समोरच्या गॅलरीत दात घासणारे शेषेराव ब्रश तोंडात धरून तसेच उभे राहिले.

"काय बी बोलू नका!" मार्तंडराव धावत आले. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता. "लई झालं तुमचं! हा महिना संपायच्या आत खोली खाली करायची!"

"करते."

तिनं बादल्या उचलल्या, गटारीपाशी नेल्या आणि सगळ्यांच्या देखत एकेक करून उलट्या केल्या. आज कुणी नाक मुरडलं नाही.

घरात पाठीमागे असलेल्या राजश्रीवहिनींना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. मालकीणबाई रोजच्यासारख्या फिल्टरच्या पाण्याची बादली घेऊन लगबगीनं लिंबाकडे आल्या आणि आळ्यावर वाकल्या.

भामाबाईनं इस्त्री उभी केली आणि मध्ये येऊन थांबली.

"थांबा, वहिनी."

"का गं? काय झालं?"

भामाबाईनं वहिनींच्या बादलीत बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि मार्तंडरावांकडे बघत सावकाश चव घेतली.

"हं," ती म्हणाली. "घाला आता."