बाईंचं टाचण

“तुझं हे यंत्र फार चोंबडं आहे गं, मुंगे,” बाई म्हणाल्या. “सकाळी फ्रिजचं दार जरा उघडं राहिलं, तर लगेच हाक!”

“मग नेऊ का आज? चाचणीचा महिना संपला.”

बाई चष्मा पुसत राहिल्या. “राहू दे की थोडे दिवस. तुला अडचण नसेल तर.”

मुंगीला हसू आलं. ऑफिसात सगळे तिला मॅडम म्हणत. मुंगी म्हणणाऱ्या या एकट्याच. चौथीत ती एकेक अक्षर सरपटत वाचायची, म्हणून बाईंनीच ते नाव ठेवलं होतं. “सावकाश चालते, पण वाट सोडत नाही,” असं वर्गाला बजावलंही होतं.

यंत्र म्हणजे फळीवर ठेवलेला एक बोलका खोका. नळाला, गोळ्यांच्या डबीला, गॅसला, दारांना बटणाएवढ्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या. त्या खोक्याला खबर देत, आणि खोका घरातल्या एकट्या माणसाला आठवण करून देई; वेळ पडली तर गॅसही बंद करी. मुंगीची दोन वर्षं त्यात गेली होती. आधीच्या सहा घरांत मात्र त्याची पार शोभा झाली. एका आजोबांनी त्याच्यावर टॉवेल टाकला, एका आजींनी त्याला कपाटात कोंडलं. सातवं घर बाईंचं. इथेही जमलं नाही तर काम बंद, असं प्रमुखांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुंगीने तेही बाईंना सांगून टाकलं. बाईंपाशी तिला कधी काही लपवता आलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी खोका केकाटला, ‘सूचना! नळ चालू आहे!’

बाईंनी कानांवर हात ठेवले. “हा माझ्या वर्गात असता तर बाहेर उभा केला असता! अगं, आधी नावाने हाक मारावी. मग जरा थांबावं. माणसाला आपलं आपण आठवायला वेळ द्यावा. आणि चूक सांगायची ती कानात, गावभर ओरडून नव्हे.”

मुंगीने तसंच केलं. आता खोका हळूच म्हणे, ‘बाई...’ आणि थांबे. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागे. बाई नळ बंद करत, फळीकडे बघून म्हणत, “शाबास.”

बाई रोज काही ना काही विसरत होत्या. कधी नळ, कधी दुपारची गोळी, कधी मागचं दार. चाळीस पोरांची हजेरी तोंडपाठ म्हणणाऱ्या बाई! पण ऑफिसात खोक्याच्या हाकांच्या नोंदी वाढत होत्या, आणि प्रमुख खुलत होते.

“फक्त रविवार कोरे दिसतात,” एकदा ते म्हणाले. “विसरायलाही सुट्टी असते वाटतं!”

सगळे हसले. मुंगीही हसली.

तिसरा रविवार मात्र कोरा गेला नाही. दुपारी दूध उतू जाऊन आच विझली आणि गॅस घरात पसरू लागला. बाई आतल्या खोलीत झोपलेल्या. खोक्याने तीनदा हाक मारली, गॅस आपणच बंद केला आणि मुंगीला फोन लावला. ती धापा टाकत पोचली तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या. बाई पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

“दूध ठेवलं होतं मी?” त्या म्हणाल्या. मग लगेच हसल्या. “हुशार आहे हो तुझं पोर. त्याच्या हाकेनेच उठले. शाबासकी दे त्याला.”

आणि काल प्रमुखांनी सही केली होती. आता आणखी दोनशे घरांत खोके लागणार होते.

“बाई, तुमच्यामुळे झालं हे,” मुंगी म्हणाली.

“मी काय केलं? नुसती विसरत बसले.”

“चौथीतही तुम्हीच तारलंत. तपासणीला साहेब आले, आणि तुम्ही मला नेमका सातचा पाढा विचारलात. तेवढा एकच येत होता मला.”

“नशीब गं तुझं,” बाई म्हणाल्या आणि उठल्या. “चहा टाकते. थांब जरा.”

“खोका ठेवायचा तर या कागदावर सही लागेल.”

“पेन टेबलाच्या खणात असेल, बघ.”

खणात पेन नव्हतं. एक वही होती, टाचणाची. कोणत्या तासाला काय शिकवायचं ते आदल्या दिवशी टाचणात लिहिल्याशिवाय बाईंनी कधी वर्गात पाऊल टाकलं नव्हतं. पण निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, आणि ही शाई ताजी होती. मुंगीने पान उघडलं.

‘सोमवार. नळ चालू ठेवणे, सव्वादहा. मंगळवार. दुपारची गोळी; हाक आल्यावर घेणे. बुधवार. मागचं दार. गुरुवार. नळ पुन्हा नको, मुंगीला संशय येईल.’

मुंगीचे कान तापले. सातचा पाढा आठवला. म्हणजे तेव्हाही? दोन वर्षांची मेहनत, दोनशे घरं, प्रमुखांची सही, सगळं बाईंनी घास करून भरवलेलं! तिला हसू येत होतं, रडूही येत होतं. स्वयंपाकघरात कपबश्या वाजत होत्या. तिने घाईघाईने पानं उलटली आणि तिसऱ्या रविवारवर बोट ठेवलं.

तिथे बाईंच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता: सुट्टी.