अर्ध्या पुलाचं चित्र

दातांच्या डॉक्टरांनी भिंग डोळ्याला लावलं आणि ते चित्रावर असे वाकले, की आता ‘आ करा’ म्हणतील असं वाटावं. टेबलापलीकडे ती हात मागे बांधून उभी होती. त्यांच्या तोंडून तिला एकच शब्द हवा होता. नकली.

चित्र एकोणिसाव्या शतकातलं, शिळाछापाचं. नदीवरचा अर्धा बांधलेला पूल आणि त्यावर मुंग्यांएवढे गवंडी. चित्रकाराने ते दगडावर काढलं, मोजक्या प्रती छापल्या आणि दगड घासून टाकला. त्यातली एकच प्रत उरली होती, शहराच्या संग्रहालयात, आणि तिथल्या चित्रांची देखभाल तिचे बाबा करायचे. छपराच्या दुरुस्तीसाठी संग्रहालयाने ते विकायला काढलं. तीन संग्राहकांनी बोली लावली. सौदा पक्का व्हायच्या आठवड्यातच फ्रेम रिकामी सापडली.

किल्ल्या बाबांकडे होत्या. पुरावा काही मिळाला नाही, पण नोकरी गेली ती गेलीच. दुकानात गेलं की दुकानदार त्यांच्या पिशवीकडे बघायचा, म्हणून हळूहळू त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

चोर सोडून संन्याशाला सुळी! लेकीने ठरवलं, बाबांच्या डोळ्यांदेखत खरा चोर उभा करायचाच. बोली लावणाऱ्या तिघांपैकीच कोणीतरी ते पळवलं, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्यासाठी ती तीन वर्षं कलाशाळेत दगडावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायला शिकली. हात काळे, कंबर मोडलेली, पण हट्ट तसाच. चोरीच्या आदल्या महिन्यात संग्रहालयाने काढलेलं मोठं छायाचित्र तिने मिळवलं आणि त्यातली खूण न् खूण उतरवली. खुणा तरी किती? डाव्या कोपऱ्यात एक तपकिरी डाग आणि वरच्या कडेला किडीचं भोक. बाकी कागद जन्मभर काचेमागे सपाट राहिलेला. जुन्या पुस्तकांतली कोरी पानं जमवली, त्यांतल्या सर्वांत मोठ्या पानावर छापलं, आणि मग तिघांच्या कानावर घातलं, की ते चित्र गुपचूप विकायला आलंय.

हिशोब साधा होता. ज्याच्या घरी खरं चित्र आहे, तो याला खरं म्हणणार नाही. आणि संग्राहकाला दुसऱ्याची चूक दिसली, की त्याच्या तोंडाला कुलूप लागत नाही.

डॉक्टर सरळ झाले. त्यांचे डोळे पाणावले होते. म्हणाले, मागाल ती किंमत देतो, फक्त दुसऱ्याला दाखवू नका.

दुपारी निवृत्त न्यायाधीश आले. उभा जन्म कायद्यात गेलेला, पण हे आलं कुठून हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांनी कागदाचा वास घेतला आणि तेही मागेल ती किंमत द्यायला तयार झाले. शेवटी गिरणीच्या मालकीणबाई आल्या. त्यांनी तर येताना सोबत पैशांची पेटीच आणली होती. तिने त्यांना मुद्दाम डिवचलं, बघा हं, नकली निघालं तर? बाई हसल्या. अशी नजर असती तर मी गिरणी कशाला चालवली असती, म्हणाल्या.

तिघांनाही तिने ‘कळवते’ म्हणून वाटेला लावलं. मग ती तिथेच खुर्चीत बसली. तिघांतला एकही चोर नव्हता. तीन वर्षं पाण्यात गेली होती आणि तिला रडू येत होतं.

संध्याकाळी ती चित्र घेऊन घरी आली. सापळ्याचं बाबांना काही ठाऊक नव्हतं, आणि तो फसला हे आता कोणत्या तोंडाने सांगणार? तिने नुसतं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं.

“बाबा, हे मी केलंय. दगडावर.”

म्हाताऱ्याने चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला आणि पाठ ताठ करून बसला, संग्रहालयात बसायचा तसा. अकरा वर्षांत तिने बाबांना असं पाहिलं नव्हतं. तिघांपैकी कोणी चोर निघाला असता तरी हा चेहरा दिसला नसता, असं तिला वाटलं आणि तिचं मन थोडं हलकं झालं.

बाबांनी शाई तपासली. गवंड्यांच्या पगड्या एकेक करून पाहिल्या. कागद उजेडासमोर धरला आणि मान डोलावली. डाग बरोबर होता, भोकसुद्धा बरोबर होतं.

“काय राहिलं असेल तर सांगा,” ती म्हणाली. “तुमच्यासारखी नजर कोणाची नाही.”

बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला होता.

“वा गं पोरी! मधली घडी तेवढी राहिली बघ. किती वजन ठेवून दाबली, तरी ती काही जात नाही.”