कुर्मातल्या दोघी

"सात वरसांपासून तू कुर्मात बसली नाई," लालसू पाटील म्हणाला. "खरं का खोटं?"

"खरं," बुधरी म्हणाली.

गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, जमलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई इतक्या लवकर कबूल करेल असं कुणाला वाटलं नव्हतं. बुधरी गावची आशा सेविका, वय त्रेचाळीस, तोंडाची फटकळ. पाळी आली की बाईनं गावाबाहेरच्या कुर्माघरात जाऊन राहायचं, हा गावाचा नेम. पुरुषानं तिकडे फिरकायचं नाही. आणि कुर्मातल्या बाईला दुसऱ्या कुर्मातल्या बाईशिवाय कुणी शिवायचं नाही.

खरं तर भांडण या नेमावरून सुरू झालंच नव्हतं. ते सुरू झालं एका तक्त्यावरून. बुधरीनं अंगणवाडीत पोरी जमवून त्यांना बाईच्या पोटाचं चित्र दाखवलं होतं. गर्भाशय हे, अंडाशय ते, लेकरू बाहेर येतं ती वाट ही. आठवड्याच्या आत तक्ता पाटलाच्या घरी जप्त झाला आणि पोरींशी असलं काही बोलायची बुधरीला बंदी झाली. ज्या वाटेनं सगळं गाव जगात आलं, तिचं चित्र पाहून गावाला लाज वाटली.

आज मात्र ती स्वतःहून सभेत आली होती. लालसूची पोरगी सुकरी, चौदा वर्षांची, कुर्माघरात होती. रक्त थांबत नव्हतं आणि आज अकरावा दिवस होता. दारापासून लांब जेवण ठेवून येणारी तिची माय सकाळी बुधरीच्या ओट्यावर रडून गेली होती.

"सुकरीले दवाखान्यात न्या लागते," बुधरी म्हणाली. "मले आत जाऊन पाहू द्या तिले."

"तू कोन पाहनारी? कोप आहे तो. नेम तू मोडला अन् भोगून राह्यली माही पोरगी." लालसूचा आवाज मध्येच फाटला. पोरीवर त्याचा जीव होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. "रक्त थांबंल तवा येईल घरी. तवर कोनी शिवनार नाई तिले."

बुधरीनं पदर कमरेला खोचला.

"बरं. मंग माहा दंड सांगा," ती म्हणाली.

"दंड कायचा? आता दर महिन्याले कुर्मात बसायचं. चुकली तं गाव सोडायचं."

"बसतो." ती उठली. "आजच आली मले. हे चालली."

शेजारी बसलेले दोघे टुणकन उठून लांब झाले. बाकीच्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. फटकळ बाई अखेर वाकली.

कुर्माघर म्हणजे कुडाच्या चार भिंती आणि एक दार. खिडकी नाही. सुकरी कोपऱ्यात फाटक्या चटईवर पडली होती. बुधरीनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पार पांढरी.

"बाई, मी मरतो का?"

"मरू देतो का मी तुले?"

तिनं सुकरीला बसवलं, घोट घोट पाणी पाजलं. मग विझलेल्या शेकोटीतला कोळसा उचलून भिंतीवर रेघ ओढली. इथे तक्ता जप्त करायला कोण येणार होतं!

"हे पिशवी. तुह्या मुठीएवढी. दर महिन्याले आतून मऊ थर धरते, लेकराच्या अंथरुनासाठी. लेकरू नाई आलं तं थो थर गळते. पाच दिवस, लय तं सात. अकरा दिवस म्हंजे दुखनं आहे. कोप-बिप काई नाई."

"मंग हे घान नाई?"

"घान असती तं तुह्या मायनं तुले नऊ महिने तिथी ठेवलं असतं का?"

सुकरी अशक्तपणे हसली. गेल्या अकरा दिवसांत बुधरीआधी तिला कुणी हात लावला नव्हता.

दवाखान्याची गाडी नाल्यापलीकडे सडकेवर येऊन थांबणार होती. सभेला येण्याआधीच बुधरीनं फोन केला होता. तिनं सुकरीला पाठीवर घेतलं, लुगड्यानं बांधलं आणि भर दुपारी गावातून निघाली; नाल्याकडची वाट तिथूनच जात होती.

गोटुलासमोर माणसं काठ्या घेऊन उभी राहिली. मधोमध लालसू.

"बाहेर कशी आली? मांग फिर!"

"अडवा," बुधरी म्हणाली. "हात लावून अडवा. दोघी कुर्मातल्या आहो आमी. ज्याले बाटायचं असंल त्यानं यावं पुढं."

ती थांबली नाही. सरळ त्यांच्या अंगावर चालत गेली. इतकी वर्षं ज्या नेमानं बायांना कोंडलं, तोच आज बायांची वाट मोकळी करत होता, आणि बुधरीला त्याची भलती मजा वाटत होती. एकेक काठी मागे सरली. शेवटी लालसू एकटाच उरला. त्यानं खांद्यावर लोंबणारी पोरीची मान पाहिली आणि तोही बाजूला झाला.

"सांभाळून ने," तो हळूच म्हणाला.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच रक्त चढवायला घेतलं. उद्यापर्यंत थांबला असतात तर कठीण होतं, म्हणाले. सुकरीला झोप लागली. संघप्रिया सिस्टर नवा केसपेपर घेऊन बुधरीजवळ आली.

"दोघीही कुर्मातून आल्या म्हनून ड्रायव्हर सांगून राह्यला. तुमालेही तपासून घेऊ, बाई. पाळी कधी आली?"

"सात वरसं झाली, सिस्टर," बुधरी म्हणाली. "चंद्रपूरले पिशवीच काढून टाकली माही."