जीपमधली एक जागा

दामिनीला आताशा लई शिंगं फुटली होती. भाकरी थापता थापता ही बया ओसरीकडं तोंड करून ओरडणार, "संगमेश, सात सत्ते किती?" आणि तव्यावरची भाकरी करपणार. वरच्या फळीवरचा मिठाचा डबा काढायचा तर खुशाल पाटावर पाय देऊन उभी राहणार. ज्यावर माणूस जेवायला बसतं, त्यावर पाय! दुपारी लेकरांच्या घोळक्यात बसून गजगे खेळणार, आणि खेळ मोडला की त्याच लेकरांकडून स्वतःला 'बाई' म्हणवून घेणार.

"शाळा भरली की बाईच म्हणायचं," असा तिचा कायदा होता.

"बाई म्हणं! हिला चुलीत काडी कशी सारायची ते मी शिकवलं," जगदेवी शेजारच्या शिवकांताला सांगत होती.

"पण अव्वा, चार लेकरं, चौघांची चार वयं, अन् एकटी शिकवून ऱ्हायली की. मला माझं एक आवरंना."

"तुला तुझा पदर आवरंना, लेकराचं काय घेऊन बसलीस?"

शिवकांतानं हसून पदर खोचला. जगदेवीला वस्तीतलं लहानथोर अव्वाच म्हणायचं आणि तिच्या तोंडाला भ्यायचं. शाळेची पायरी ती जेमतेम दोन वर्षं चढली होती, पण तिच्या शब्दावाचून वस्तीवरचा तंटा मिटत नव्हता.

पट कमी म्हणून वस्तीवरची शाळा बंद झाली, तेव्हापासून तिच्या ओसरीवर ही शाळा भरत होती. भीमाशंकर, जगदेवीचा लेक, पुण्याकडं बांधकामावर. त्याचा फोन आला की दामिनी सगळं सांगायची. कुणाचे पाढे कुठवर आले, कुणाला खोकला झालाय, शेळी कधी व्यायची. स्वतःचं काही नाही. लेकरं खेळायला पांगली की ती खांबाला टेकून एक बिनपुठ्ठ्याचं पुस्तक उघडायची. एका पानावर बोट ठेवायची आणि तशीच पेंगायची.

"रोज तेच पान! डोस्क्यात शिरंना का?"

"शिरलं की अव्वा. पुढलं कळंना."

आता मात्र गोष्ट वेगळी होती. मुखेडच्या शाळेत लेकरं नेणारा जीपवाला प्रीतम काल दारात थांबला होता. "अव्वा, एक जागा मोकळी झाली. एकच बरं का. सोमवारी कोण बसणार ते ठरवा, न्हाईतर पुढच्या वस्तीला देतो."

घरातलं एकच जण खऱ्या शाळेत जाणार होतं. बाकीच्यांना ही ओसरीच.

"परीक्षा घेते," दामिनी म्हणाली होती. "ज्याला त्याला त्याच्या वयाचा पेपर. पहिला नंबर येईल त्याला पाठवा."

तर आज ती परीक्षा चालली होती. कोवळं ऊन अंगणभर पसरलं होतं. जगदेवी बाजेवर पडून, डोळे किलकिले करून पाहत होती. संगमेश भाकरीचे भाग करत होता, आणि केलेला भाग हळूच तोंडात टाकत होता. स्वप्नाली धडा वाचत होती, एकही अक्षर न अडखळता. बसव कोळशानं फरशीवर आपलं नाव गिरवत होता. धाकटी गौरा चिंचोके मोजत होती, बारानंतर थेट वीस म्हणत होती. दामिनी या चौघांच्या मधून भिंगरीसारखी फिरत होती, मधेच चुलीकडं पळत होती.

चारी आवाज एकात एक मिसळले. शेतातल्या हुरड्याचा वास आला. जगदेवीचा डोळा लागला.

तिला जीप दिसली. चाकं नव्हती, आवाज नव्हता. जोंधळ्याच्या कणसांवरून ती पाण्यावर तरंगावी तशी चालली होती. आत लेकरंच लेकरं, हसणारी. मागून कुणीतरी चालत येत होतं, डोक्यावर घागर घेऊन. जगदेवी ओरडत होती, "अरे थांबव, एक जण ऱ्हायलं!" जीप थांबत नव्हती. आणि घागरीचं पाणी डोळ्यांवरून ओघळत होतं, म्हणून तोंड काही ओळखू येत नव्हतं.

"बाई, तुमची परीक्षा कधी?"

गौराच्या आवाजानं ती जागी झाली. ऊन बाजेच्या पायापर्यंत सरकलं होतं.

"बाईची परीक्षा नसती, गौरे."

"मग तुमचा नंबर कितवा?"

दामिनी हसली. उत्तर द्यायच्या आधीच करपल्याचा वास आला, आणि ती चुलीकडं धावली.

जगदेवी उठून बसली. बराच वेळ ती खांबाजवळ पालथं पडलेलं ते बिनपुठ्ठ्याचं पुस्तक बघत राहिली.

"अव्वा, स्वप्नालीचा पहिला नंबर," आतून दामिनीचा आवाज आला. "तिलाच पाठवू. मी तिची वेणी घालून देत जाईन."

स्वप्नाली टाळ्या पिटत उठली. संगमेशनं उरलेली भाकरी रागानं शेळीपुढं टाकली.

"खाली बस गं," जगदेवी म्हणाली. स्वप्नाली बसली. "दामिने, हिकडं ये."

"भाकरी करपल, अव्वा."

"करपू दे. ये म्हणते न्हवं."

दामिनी पिठाचे हात घेऊन समोर उभी राहिली. आता पाटावरून बोलणी बसणार, असं वाटून तिनं मान खाली घातली.

"ह्या लेकरांपाशी आता मी बसते," जगदेवी म्हणाली. "दुसरीपोत्तर मला येतं. पुढलं तू सांजच्याला येऊन सांगायचं. पुण्याहून फोन आला की तुझ्या मायबापाला मी बोलते, तू मधी तोंड घालू नकोस. बारा वर्षांची झालीस, अन् पाचवीच्या त्याच पानावर बोट ठेवून बसलीस. सोमवारी जीपमधी तू बसायचं. ह्या चौघांच्या आदी जन्मलीस, एवढाच तुझा गुन्हा हाय, पोरी."