पलीकडचं शटर

“ट्रेलर गोडाऊनपेक्षा लांब, तरी पुरा आत मावतो. दोन्ही शटरं एकदम पडतात आणि लगेच उघडतात,” जेवणाचा डबा घेऊन आलेली हेमाली बापाला परीक्षेतलं भौतिकशास्त्राचं कोडं सांगत होती.

नामा हसला. “येवढा ट्रेलर वडप्याच्या नाक्यावर वळंल कुठं?”

“वळायचं नाहीच, बाबा. प्रकाशाच्या जवळपास वेगाने सरळ जायचं. आपल्या मापाने ट्रेलर आखूड भरतो. ड्रायव्हरच्या मापाने गोडाऊनच आखूड! तो म्हणतो, शटरं एकदम पडलीच नाहीत. पुढचं आधी पडलं, मागचं नंतर. आणि दोघंही खरे.”

“एक तरी खोटा आसंलच,” म्हणत नामाने खिशातली चिठ्ठी चाचपली.

उद्या भिवंडीच्या कॉलेजात हेमालीची तोंडी परीक्षा होती. उत्तर पाठ होतं, पण पटत तिलाही नव्हतं.

चिठ्ठीत कुमारविरुद्ध तक्रार होती. कुमार नामाचा चुलतभाऊ. दोघांच्या भातशेतीवरच हे अकराशे फुटांचं गोडाऊन उभं राहिलं आणि एका टोकाच्या शटरवर नामा लागला, दुसऱ्यावर कुमार. मधोमध जेवणाचा भोंगा वाजला की दोघांनी एकदम बटन दाबायचं. उशीर करणाऱ्याला साहेब सरळ घरी बसवायचा. कुमारचं शटर रोज उशिरा आदळायचं. दोन वर्षं नामाने दातओठ खात ते ऐकलं, कुमारशी बोलणंच टाकलं. आज मात्र चिठ्ठी साहेबाच्या हातात जाणार होती.

पण आधी कुमारची कामचोरी डोळ्यांनी बघायची होती. “बटन तू दाब,” हेमालीला सांगून तो पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

भोंगा वाजला. कुमारने लगेच बटन दाबलं. शटर धाडकन आदळलं. क्षणभर शांतता. मग लांबून नामाच्या शटरचा आवाज आला.

पोरीने घोळ घातला! नामाचा चेहरा उतरला.

हेमाली धावतच आली. “मी भोंग्याबरोबर दाबलं, बाबा! काकांचंच मागून पडलं!” आणि बोलता बोलता थबकली. “आवाजाला इथवर यायला सेकंद लागतो... म्हणजे शटरं एकदमच पडतात. रोज!” तिच्या अंगावर काटा आला. “ट्रेलरचं तर याहून अजब आहे. असा उशीर वजा केला तरी ड्रायव्हरचं ‘एकदम’ वेगळं आणि आपलं वेगळं. सगळ्या जगाचं मिळून एक ‘आत्ता’ नाहीच, बाबा.”

नामा गोडाऊनभर नजर टाकत राहिला. याच जमिनीत त्याने तीस वर्षं नांगर धरला होता. तिची लांबी त्याला आज पहिल्यांदा दिसली. चिठ्ठी त्याने खिशात आणखी खोल ढकलली.

“मला बी रोज तुझंच उशिरा ऐकू यायचं, दादा,” कुमार दोन वर्षांनी बोलला. “म्हटलं, दमला आसंल. कुणाला सांगितलं न्हाय.”