पुढाऱ्यांच्या कोटाचं बटण

शिंपीणकाकूंची थाप अखेर अंगाशी आली होती. दुकान पाडायला माणसं आली, तेव्हा काकूंनी बेधडक ठोकून दिलं होतं, "ते थोर पुढारी आपल्या गावात भाषणाला आले ना, तेव्हा त्यांच्या कोटाचं बटण तुटलं ते इथेच. हे बघा!" आणि गेलेल्या नवऱ्याच्या डब्यातलं एक पितळी बटण पुढे केलं. दुकान वाचलं, वर वारसा महोत्सवात मानाचं ठरलं.

आज महोत्सवाला पुढाऱ्यांची पणती आली, ती घराण्यात जपलेला तोच कोट घेऊन. आणि काय सांगू, त्याचं एक बटण खरंच नव्हतं!

"काकू, लावून दाखवा की!" गर्दी ओरडली.

काकूंच्या सुईत दोरा जाईना. बटण जुळलं नाही, तर दुकान भुईसपाट. पण बटण हुबेहूब जुळलं! टाळ्या कडाडल्या, तशा काकू जास्तच घाबरल्या. असं होईलच कसं? त्यांनी हळूच अस्तर उलटून पाहिलं. आतल्या खिशाला नवऱ्याच्या हातचा तो तिरका दुहेरी टाका. हा तर नवऱ्यानं नाटकमंडळीसाठी शिवलेला कोट, आणि डब्यातलं बटण त्यातलंच उरलेलं! आणि तुटक्या बटणाच्या जागी जुना दोरा अगदी ताजा कापलेला.

काकूंनी मान वर केली. पणतीचा चेहरा पांढराफटक.

"काकू... बसलं ना नीट?"

काकूंनी दातानं दोरा तोडला.

"कोट पणजोबांचा, बटणही पणजोबांचं. मग बसणारच की गं, पोरी!"