झोपमोड

दक्षिण कोरियातल्या तेगू शहरातल्या आमच्या शाळेत गणिताच्या तासाला ग्युमिन चक्क घोरत होता. मी टेबलावर डस्टर आपटून त्याला उठवलं, तर संध्याकाळी त्याच्या आईचा फोन.

"काय हो सर, पोराला जरा झोपू दिलं तर काय बिघडतं तुमचं? क्लासवरून मध्यरात्री घरी येतो तो!"

"मग शाळेत उशी देऊनच पाठवा ना! वर्ग आहे तो, धर्मशाळा नाही."

"तक्रार करीन हं तुमची!"

"खुशाल करा. आईबापांनाच अक्कल नसेल तर पोरांना काय बोलायचं?"



"मुलींच्या हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवते, सर. तुमची मुलगी बोराम रोज माझ्या तासाला झोपते. मी कधी उठवलं का तिला?"